मिनेसोटातली बोडी : प्रकल्प नोंदी

१५ एप्रिल २०२३

आज तळं दिसलं. अजून बांधलेलं नाही, तरी दिसलं.

यंदाचा हिवाळा बर्फाचा गेला. मिनिआपोलिसला मोसमभरात नव्वद इंच पडला. इकडेही तेच. तो सगळा एकदम वितळला आणि जमीन खाली अजून गोठलेली, त्यामुळे पाणी मुरेना. जिथे सखल तिथे साचलं. सरकारी कुरणाच्या मधोमध नऊ एकर पाणी, घेवड्याच्या दाण्यासारखं वाकलेलं. जी समपातळी रेषा मी तीन आठवडे खपून नकाशावर काढली होती, ती पाण्याने फुकटात आखून दाखवली. माझी रेषा दोन जागी चुकली आहे, हेही दाखवलं.

परवापर्यंत हे पाणी गेलेलं असेल. खाली चार फुटांवर भाजक्या मातीचे नळ पुरलेले आहेत. फूट-फूट लांबीचे, नुसते एकापुढे एक ठेवलेले. सांध्यातल्या फटीतून पाणी आत शिरतं आणि चरात जाऊन पडतं. शंभर वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी असल्या नळांनी सगळा मुलूख कोरडा केला. आयोवापासून कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत हिमनद्यांनी मागे ठेवलेले लाखो खळगे आहेत. उत्तर अमेरिकेतली निम्म्याच्या आसपास बदकं याच पट्ट्यात अंडी घालतात. मिनेसोटाच्या शेतीपट्ट्यातले दहातले नऊ खळगे आता मका आणि सोयाबीन आहेत.

ही जमीन राज्याने विकत घेऊन वन्यजीव क्षेत्र केली, पण नळ तसेच राहिले. तालुक्याच्या शिकारी क्लबाला ते बंद करून तळं परत आणायचंय. मला पकडलं ते शेजाऱ्याने. ‘तू पाण्याचा इंजिनिअर ना? शनिवारी काय करतोस?’ नोकरीत मी वाहनतळांच्या पावसाच्या पाण्याचे हिशेब करतो. शनिवारी काहीच करत नव्हतो.

२ मे

आईला फोनवर सांगितलं की तळं बांधतोय. तिचा पहिला प्रश्न, ‘किती खोल?’

‘पाळीपाशी तीन फूट. निम्म्याहून जास्त भाग दीड फुटाच्या आत.’

‘काहून रे, एवढ्यासाठी अमेरिकेचा इंजिनिअर लागते? याला बोडी म्हणतात, बोडी.’

बरोबर आहे तिचं. आमच्या साकोलीकडे धानाच्या बांधीला पाणी द्यायला प्रत्येकाची एक बोडी असते, आणि तळं म्हटलं की नवेगावबांध डोळ्यांसमोर येतो. तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या वंशात जन्मलेल्या माणसाने तीन फुटांच्या डबक्याला तळं म्हणावं हे तिला पटलेलं नाही. तेव्हा यापुढे बोडी.

पण उथळ ठेवणं मुद्दामच आहे, आणि क्लबातल्या अर्ध्या लोकांनाही ते मान्य नाही. त्यांना वाटतं पोकलेन आणलंच आहे तर आठ फूट खोदू, पाणी बारमाही राहील, मासे सोडू. मॅलार्ड, टील, थापट्या ही बदकं बुडी मारत नाहीत. शेपटी वर, डोकं खाली, मान जाईल तेवढंच त्यांचं ताट. दीड फुटाखाली असलेलं अन्न त्यांच्या दृष्टीने माळ्यावर ठेवलेलं. शिवाय उथळ पाणी वसंतात लवकर कोमट होतं, त्यात किडे-अळ्या-गोगलगायी होतात, आणि अंडी धरायच्या आधी मादीला तेच लागतं. पिल्लांनाही पहिले काही आठवडे तेच. मासे सोडले की ते हे सगळं आधी खाऊन बसतात. कार्प तर तळ ढवळून पाणी चहासारखं करतो, मग तळाशी उजेड जात नाही आणि पाणवनस्पती मरतात. म्हणून बोडी अधूनमधून आटलेलीच बरी.

तळं आटावं म्हणून तजवीज करतोय हे मात्र आईला सांगितलं नाही.

२० मे

लेव्हल लावून दिवसभर उंच्या घेतल्या. सोबत पश्चिमेकडचा शेतकरी कुंपणाला टेकून उभा. चार तास तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तुमच्या बदकांपायी माझा मका बुडणार असेल तर आत्ताच सांग.’

त्याच्या शेतातला नळ आपल्या सरकारी जमिनीतूनच बाहेर पडतो. तो तोंडाशी बंद झाला तर त्याचं वीस एकर चिखल. त्यामुळे बोडीची भरण पातळी त्याच्या नळाच्या तळापेक्षा एक फूट खाली धरली. नळ हद्दीवरच उघडा करायचा आणि पाणी बोडीत सोडायचं. त्याचं पाणी जाणार, आपल्याला मिळणार. कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, ‘हा फूट पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला?’

प्रश्न चांगला होता. सांडव्याचा हिशेब घरी येऊन पुन्हा केला.

११ जून

क्लबाचा निधी. बारमध्ये मांसाची सोडत असते: डॉलरचं तिकीट घ्यायचं, चक्र फिरतं, नंबर लागला तर डुकराच्या मांसाचं पाकीट. मी एक जिंकलो आणि शेजाऱ्याला देऊन टाकलं. अशा सोडतींतून क्लबाने आपला वाटा जमवला. मोठा खर्च राज्याचा. २००८ साली मिनेसोटाच्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकर वाढवून घेतला, तीन अष्टमांश टक्का, पंचवीस वर्षांसाठी, पाणी-जंगल-कला यांच्या नावाने. म्हणजे बंदुकीला हात न लावलेला मीही टूथपेस्ट घेताना बोडीत भर घालतोच.

शिकाऱ्यांची पद्धत जुनी आहे. १९३४ मध्ये दुष्काळाने तळी आटली, बदकं घटली, तेव्हा शिकाऱ्याने दरवर्षी टपालतिकिटासारखं एक तिकीट विकत घ्यावं असा कायदा झाला. पहिलं तिकीट एक डॉलरचं. त्यावरचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं, त्या वेळी तो केंद्राच्या वन्यजीव खात्याचाच प्रमुख होता. आता तिकीट पंचवीसचं आहे आणि डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागांना जातात. त्या पैशातून साठ लाख एकरांहून जास्त जागा राखली गेली. बंदुका आणि काडतुसांवरचा कर वेगळा, तो १९३७ पासून वन्यजीवांच्या कामाला जातो.

हे सगळं मी जेवताना उत्साहाने सांगत होतो. धाकटी बारा वर्षांची. म्हणाली, ‘म्हणजे त्यांना घर बांधून द्यायचं आणि मग मारायचं?’

मी म्हटलं, सगळ्यांना नाही मारत, दिवसाला माणशी सहा. ती म्हणाली, ‘वा.’

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, त्यानंतर हा विषयच संपला. तळ्यावर फासे लागतात ते चोरून. पण गावची तळी कोरडी पडली तेव्हा कुणी त्यांच्यासाठी सोडत काढल्याचंही ऐकलं नाही. हे उत्तर नाही, मला कळतं. तिला ते दिलंही नाही.

१८ जुलै

परवानग्या आल्या. अर्ज गेल्या ऑगस्टातला. राज्याचा १९९१ चा पाणथळ कायदा, त्याखाली एक. केंद्राच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याचं कलम ४०४, त्याखाली दुसरी, आणि ती देतं लष्कराचं अभियंता दल. बोडीला लष्कराची परवानगी! आजोबांना हे ऐकवायला हवं होतं. जमिनीत जुनी थडगी, वस्तीच्या खुणा नाहीत ना, ते पाहायला एक बाई येऊन गेल्या. खोदण्याआधी ८११ ला फोन केला. वायर-पाईप कुठे आहेत त्याच्या रंगीत झेंड्या रोवून गेले. जुन्या मातीच्या नळांची झेंडी मात्र कुणी रोवत नाही. त्यांचा नकाशाच नसतो. ज्याने पुरले तो गेला.

८ ऑगस्ट

झाडं तोडली. काठावरची कॉटनवूड आणि बॉक्स एल्डर, एकोणीस. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन गाड्या थांबून शिव्या देऊन गेल्या. हा मुलूख गवताचा. झाडं नळ पुरल्यानंतर आणि वणवे बंद झाल्यावर उगवलेली. झाडावर ससाणे आणि घुबडं टपून बसतात, ढोलीत रॅकून राहतो, आणि गवतातली अंडी त्याला बरोबर सापडतात. टील पाण्यात नाही, पाण्यापासून दूर गवतात घरटं करते. हे समजावून सांगायला शिव्या देणारा थांबत नाही.

२२ ऑगस्ट

पोकलेन आलं. (इथे हा शब्द कुणाला कळत नाही, मला दुसरा सुचत नाही.) चालवणाऱ्याचा वर्षभराचा धंदा शेतात प्लास्टिकचे नळ पुरायचा. मोसमात मैलच्या मैल. आज तो उलटं करायला आला होता. ‘ह्या आठवड्यात काढायचे, पुढच्या आठवड्यात पलीकडच्या शेतात घालायचे. मला दोन्हीकडून पैसे,’ म्हणाला.

मुख्य नळ सापडला, आठ इंची. साठ फूट उपसून काढला. तुकडे काठावर ओळीने मांडले तर विटकरी रंगाची कुंडी-दुकानासारखी रांग. एक उचलून पाहिला: बाहेरून खरखरीत, आतून पाण्याने घासून घासून आरशासारखा गुळगुळीत, आणि एका टोकाला घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा. तो मी घरी आणला. ही म्हणाली, याचं काय करायचं? काही नाही.

१ सप्टेंबर

पाळीचं काम सुरू. लांबी २४० फूट, सर्वांत जास्त उंची पाच. तीन फुटांवर भरण पातळी, तिच्यावर सहा इंच सांडव्याची कड, त्याच्यावर आणखी दीड फूट पाळ. माथा दहा फूट. पाण्याकडचा उतार पाचास एक, बाहेरचा चारास एक. एवढा सपाट उतार मस्करॅटमुळे. घुशीएवढा, पाण्यात राहणारा प्राणी. उभी पाळ दिसली की तो पाण्याखालून बीळ पाडतो आणि एक दिवस बिळातून तळं निघून जातं. सपाट उतारात त्याला छत मिळत नाही. माती सगळी मिळून आठशे घनयार्ड, म्हणजे आपल्या हिशेबात दोनशे सोळा ब्रास. मी अजूनही मनात ब्रासच मोजतो.

आधी वरची काळी माती खरवडून बाजूला. मग पाळीच्या मधोमध खाली चिकणमाती लागेपर्यंत चर, आणि तो चिकणमातीनेच ठासून भरायचा. पाणी पाळीवरून कमी आणि पाळीखालून जास्त पळतं, त्याला अडवायला हा चर. हे गावाकडचा कुठलाही म्हातारा सांगेल.

अडचण वेगळीच आली. जूनपासून पाऊस नाही. निळसर करडी चिकणमाती उत्तम, पण वाळून ढेकळं झालेली. ढेकूळ रोलरखाली फुटतं, दबत नाही, आणि मध्ये पोकळ्या राहतात. मुठीत घेऊन दाबली की लाडू वळला पाहिजे, तळहातावर ओल उमटली पाहिजे पण पाणी सुटता कामा नये. आजचा लाडू सगळा बुंदी. शेवटी टँकर मागवला. सात इंचांचा थर, टँकरचा फवारा, तासभर थांबायचं, शीपफूट म्हणजे खुंट्यांच्या रोलरच्या आठ फेऱ्या, मग पुढचा थर. तळं करायला टँकरने पाणी आणतोय, याचा फोटो काढून भावाला पाठवला. त्याने हसणारे चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, ‘मराठवाड्यात आहेस का?’

दर थरात लाडू मीच वळून पाहतो. क्लबातले सत्तरीचे काका, जन्मभर गाई सांभाळलेले, आता माझ्याआधी वळून ठेवतात. त्यांचे माझ्यापेक्षा चांगले होतात. दूध काढायचे हात.

१४ सप्टेंबर

पाळ पूर्ण. सांडवा पाळीत नाही, तिच्या उत्तर टोकाला मूळ जमिनीत कापलाय. भरावावरून पाणी सोडणं म्हणजे आमंत्रण. पाणी काढायची पेटी बसली. प्लास्टिकचा उभा खोका, खाचेत एकावर एक बसणाऱ्या पाच आणि सात इंचांच्या फळ्या. फळी काढली की पातळी तेवढी उतरते. आमच्या तळ्याला मोरीत लाकडी बुच असायचं आणि ते काढायला कुणीतरी पोहत जायचं. इथे आकड्याने फळी उचलायची. काळी माती परत पसरली, पाळीवर आणि सांडव्यावर ओट पेरला, त्यात स्थानिक गवताचं बी.

आता पाऊस.

२३ सप्टेंबर

बदकांच्या शिकारीचा पहिला दिवस. बोडीत पाणी नाही. काका दुसऱ्या तळ्यावर गेले.

२५ सप्टेंबर

पाऊस आला, आणि कसा! काल रात्रीपासून धरलेला. पाळीपाशी नऊ इंच पाणी. मी ओला होऊन उभा, आणि पाण्यावर दोन मॅलार्ड, जणू वर्षभर भाडं भरत होते.

२९ सप्टेंबर

पाणी गेलं. चार दिवसांत सगळं. पेटी कोरडी, पाळीचा बाहेरचा पाया कोरडा, सांडव्यापर्यंत तर पाणी पोचलंच नव्हतं. एवढं पाणी मुरू शकत नाही, खाली चिकणमाती आहे, मीच तपासली आहे.

क्लबात कुणी काही बोललं नाही. इथली माणसं रागावली की जास्तच नम्र होतात. ‘कॉफी घेतोस का?’ तीनदा विचारलं.

७ ऑक्टोबर

पश्चिमेकडच्या त्याच शेतकऱ्याचा फोन. म्हणाला, ‘तिकडे पूर्वेला, रस्त्याच्या चरात, कोरड्या दिवसांत पाणी वाहताना दिसलं. माझं नाही ते. तुझं आहे का?’

बोडीतल्या उरलेल्या डबक्यात हिरवा रंग ओतला, तोच जो नळ गळतात का पाहायला वापरतात. चरापाशी जाऊन बसलो. घड्याळात त्रेचाळीस मिनिटं. मग दगडाखालून, आधी काचेच्या बांगडीसारखी एक रेघ, आणि मग सगळा चरच पोपटी.

दुसरी ओळ. पाळीच्या दिशेने न जाता पूर्वेच्या उंचवट्याखालून, सात फूट खोल. मी धरून चाललो होतो की पाणी उताराकडेच काढतात. ज्याने हे पुरलं त्याने उंचवटा हाताने फोडला होता, शंभर वर्षांपूर्वी, फावड्याने, कारण तिकडून रस्त्याचा चर जवळ पडत होता. चूक माझी. पूर्वेची बाजू मी तपासलीच नाही. दोन दिवस वाचवले आणि दोन महिने घालवले.

काकांनी लोखंडी सळई आणली, वर आडवा दांडा लावलेली. ती जमिनीत खुपसत जायची. मातीत ती खसकन जाते, दगडाला खणकते, आणि नळाला लागली की ‘टक्’, पोकळ मडक्यावर टिचकी मारल्यासारखं. उंचवट्यावर सळई पुरत नव्हती. ती बोडीच्या काठाकडून, जिथे नळ वर येतो तिथे लागली. दीड तास लागला. तो आवाज ऐकून काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

९ नोव्हेंबर

नशीब, जमीन अजून गोठली नाही. पोकलेनवाला अर्ध्या दिवसासाठी आला. पाच इंची नळ, पन्नास फूट काढला, चर चिकणमातीने थर देत भरला. लाडू काकांनी वळले. पैसे त्याने डिझेलपुरतेच घेतले. मला वाटतं त्यालाच लाज वाटली. पूर्वी ही ओळ त्याच्याही लक्षात आली नव्हती.

२७ जानेवारी २०२४

बर्फ नाही. जानेवारीत गवत दिसतंय. सगळा हिशेब बर्फ वितळून बोडी भरण्यावर होता. पाळीवर उभं राहून तळाशी पाहिलं: गोठलेला चिखल, हरणांचे खूर, कोल्ह्याची एक सरळ रेघ.

आईने विचारलं, ‘भरली का?’ म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो.

२० एप्रिल

थोडा पाऊस झाला. फूटभर पाणी आहे आणि, मुख्य म्हणजे, दहा दिवस तिथेच आहे. सळईने मोजलं, पाटीवर लिहिलं, पुन्हा मोजलं.

संध्याकाळी बेडूक ओरडायला लागले. नखाएवढा बेडूक, कोरस फ्रॉग म्हणतात. आवाज असा, की कुणी जाड कंगव्याच्या दातांवरून अंगठा फिरवतोय. एक, मग चार, मग कान बंद करावेत इतके. ते कुठून आले, एवढी वर्षं कुठे होते, कुणी सोडले नाहीत की पेरले नाहीत. धाकटी सोबत होती. तिने रेकॉर्ड करून आजीला पाठवलं. आजीचं उत्तर, ‘आपल्याकडचे मोठे असतात.’

२६ जून

आठवडाभर पाऊस थांबलेला नाही. दक्षिणेत नद्यांनी काठ सोडले. मँकेटोजवळ ब्लू अर्थ नदीवरचं रॅपिडन धरण, १९१० चं. पाण्याबरोबर आलेल्या ओंडक्यांनी दारं तुंबली, आणि सोमवारी नदी धरणाच्या पश्चिम बाजूने काठ कापून निघून गेली. धरण उभंच आहे, नदी शेजारून जातेय. काठावरचं एक घर काल पाण्यात गेलं. बातम्यांत ते पडताना दाखवत होते तेव्हा मी गाडीची किल्ली शोधत होतो.

पोचलो तेव्हा सांडव्यावरून पाणी चाललेलं, चार बोटं जाड, गवतावरून पसरट, आवाज न करता. ओट गेल्या शरदात उगवून मेला होता, पण मुळं धरून होती आणि त्यातून नवं गवत वर आलेलं. दोन्ही टोकं चालून पाहिली. कुठे माती उघडी नाही. एका जागी वाटीएवढं खरवडलंय, तिथे चार पाट्या दगड टाकले. पश्चिमेचा शेतकरी आपल्या नळाच्या तोंडापाशी छत्री घेऊन उभा. नळ पाण्याच्या वर चार बोटं. त्याने मला ती बोटं दुरून दाखवली, मग हात हलवून घरी गेला.

आज आईला सांगितलं. भरली.

१४ जुलै

टीलची मादी आणि मागे सात पिल्लं. पाळीपासून तीस पावलांवर. मादी मला पाहून पंख मोडल्याचं सोंग करत भलतीकडे फडफडत गेली. मी मुद्दाम फसलो आणि तिच्या मागे दहा पावलं गेलो.

न पेरता काय काय उगवलंय: लव्हाळा, नागरमोथ्याच्या जातीची दोन गवतं, गुलाबी तुऱ्यांचं स्मार्टवीड, त्याचं बी बदकांना फार आवडतं. बी चिखलात निजून होतं. पाणकणीसही आलंय, आणि ते मात्र नको. संकरित जात आहे, मोकळं सोडलं तर पाच वर्षांत सगळी बोडी झाकून टाकेल. ते मस्करॅट खातात. म्हणजे ज्याच्यासाठी पाळीचा उतार सपाट केला, त्याचीच आता वाट पाहायची.

एक जोडी वारकऱ्यांचीही. काळा पक्षी, पांढरी चोच, आपल्याकडच्यासारखाच, फक्त इथला जरा वेगळ्या जातीचा. इथे त्याला कुणी किंमत देत नाही, मातकट लागतो म्हणतात. बरंय.

२१ सप्टेंबर

यंदाचा पहिला दिवस. काकांनी मला बोलावलं होतं, बंदुकीशिवाय. पहाटे साडेचारला पोचलो तर गाड्यांच्या जागेवर आधीच तीन गाड्या. कुणी ओळखीचं नाही. पाळीच्या दक्षिणेच्या लव्हाळ्यात, जी जागा काका एप्रिलपासून हेरून होते, तिथे दोन पोरं प्लास्टिकची खोटी बदकं मांडून बसलेली. शहरातून रात्रीच निघाली होती.

सार्वजनिक जमिनीवर आधी येईल त्याची जागा. टँकर कुणी आणला, लाडू कुणी वळले, याची नोंद कुठे नसते. क्लबातल्या एकाचं तोंड उतरलं. काही पुटपुटला. काका त्या पोरांपाशी गेले, मला वाटलं आता भांडण. त्यांनी टॉर्च पाण्यावर टाकून दाखवलं: ‘इथून पुढे जाऊ नका, जुन्या नळाचा चर होता, कमरेपर्यंत रुताल.’ आणि आम्ही उत्तरेला, वाऱ्याच्या वाईट बाजूला, जाऊन बसलो.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार करायला मुभा. त्याआधीची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. अंधारात डोक्यावरून टीलचा थवा गेला, कापड फाटल्यासारखा आवाज, दिसलं काहीच नाही. काकांच्या लॅब्राडोरचं सगळं अंग थरथरत होतं, पण तोंडातून चकार नाही.

दक्षिणेकडून बरेच बार. आमच्याकडे काकांनी चारच मारले, तीन पडली: दोन टील, एक वुड डक. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. बदकं तळाशी पडलेले छर्रे खडे समजून गिळायची आणि विषबाधेने मरायची. आता पोलादाचे. कुत्रा पोहून आणत होता आणि काका प्रत्येक बदक हातात घेतल्यावर क्षणभर थांबून पिसं सरळ करत होते. मला पाहवलं, एवढंच म्हणतो. मासे चिरताना आईला पाहायचो तसंच, आणि अगदी तसंच नाही.

घरी निघताना एक टील त्यांनी मला दिली. पंख तोडायचा नाही, घरी पोचेपर्यंत तो अंगालाच हवा, म्हणजे वाटेत कुणी तपासलं तर जात ओळखता येते.

२२ सप्टेंबर

टील सोलायला मला दीड तास लागला. पंखावरचा निळा पट्टा धाकटीने मागून घेतला, वहीत ठेवला. तिने खाल्लं नाही, पण टेबलावर बसली. हिने सावजी मसाल्यात केलं, नागपूरहून आणलेला शेवटचा पुडा. मांस लाल, मटणाच्या जवळचं, थोडं यकृतासारखं. दुसऱ्याच घासाला माझ्या दाताखाली पोलाद आलं. छर्रा बशीच्या कडेला ठेवला, तो टणकन वाजला.

दुपारी बोडीवर चक्कर. पाणी भरण पातळीच्या तीन इंच खाली. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, पेटीपासून अकरा पावलांवर, मुठीएवढं ताजं बीळ आणि बाजूला चावलेली पाणकणसाची देठं. बाहेरच्या अंगाला! तिकडचा उतार मी चारास एक ठेवला होता.

शनिवारी: चिकणमाती दोन पाट्या, जाळी सहा फूट, काकांना फोन.